मॉरिशस : बायकांच्या पगारावर उभा राहिलेला देश

मोकावासी :

मागे इथे बायकांच्या नोकरीवर चर्चा झाली, तेव्हा दोघा-तिघांनी मॉरिशसचं उदाहरण दिलं. 'बघा, एवढासा देश, बायका कामाला लागल्या आणि कुठल्या कुठे गेला' असा सूर होता. मी लग्न होऊन या देशात आले. सासर व्हाकोआचं, मंडळी मूळची कोकणातली, घरात क्रिओल बोलणारी आणि गणपतीच्या आरत्या मराठीत म्हणणारी. सासूबाई, मोठ्या नणंदबाई, चुलतसासूबाई, सगळ्याजणी एकेकाळी कपड्यांच्या कारखान्यात होत्या. म्हणून सविस्तर लिहावंसं वाटलं. चमत्कार झाला हे खरंच आहे, पण त्याची किंमत कोणी मोजली हेही त्याच दमात सांगायला हवं.

देशाचा अंदाज यावा म्हणून : क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याचा सातवा-आठवा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निर्यात म्हणजे साखर, दुसरं काही नाहीच म्हटलं तरी चालेल. १९६१ साली जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाच्या समितीने अहवाल दिला होता की लोकसंख्या अशीच वाढत राहिली तर या बेटाचं काही खरं नाही. मीडना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं, पण मॉरिशसबद्दलचा त्यांचा अंदाज खोटा ठरला. तो खोटा ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा शिलाई मशीनवर बसलेल्या मुलींचा होता असं मी म्हणेन.

स्वातंत्र्याच्या सुमारास पगारी काम करणाऱ्या बायका साधारण पाचात एक. त्यातल्या कितीतरी उसाच्या मळ्यात, नाहीतर दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायला. मळ्यात पुरुष ऊस तोडायचे आणि गाड्यांवर चढवायचे; बायका खुरपणी, खत टाकणं, पाचट गोळा करणं आणि दगड वेचणं ही कामं करायच्या. इथल्या शेतांमधून आजही काळ्या दगडांचे उंचच उंच ढीग उभे दिसतात. पर्यटक फोटो काढतात. एकेक दगड उचलून ते रचलेले आहेत. आणि बाईची रोजंदारी पुरुषापेक्षा कमी हे कुणा मुकादमाच्या मर्जीवर नव्हतं, सरकारी वेतन-आदेशातच तसं छापलेलं असायचं.

१९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा आला, म्हणजे परदेशी विकायचा माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती. त्यामागे प्रा. एदुआर लिम फात यांचा मोठा हात. आपल्याकडे असं क्षेत्र म्हटलं की कुंपण, फाटक, आत शेड असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इथे तसं नव्हतं. बेटावर कुठेही कारखाना काढा, प्रमाणपत्र घ्या, करसवलत घ्या. मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. कारण कारखाने गावागावांत गेले. पोर्ट लुईसजवळ प्लेन लोझाँला होते तसेच क्युरपिप, फ्लोरेआल, गुडलँड्स, रोझ बेलला. घरचे ज्या मुलीला शहरात पाठवायला तयार नव्हते, तिच्या कोपऱ्यावर सकाळी कारखान्याची बस येऊन उभी राहायला लागली.

सरकारच्या मनात पुरुषांची बेकारी हटवायची होती. मालकांनी मात्र मुलीच घेतल्या. सत्तरच्या दशकात या कारखान्यांतल्या दहा कामगारांत आठ बायका. कारण काय सांगायचे? बायकांची बोटं नाजूक, बायका भांडत नाहीत. खरं कारण वेतन-आदेशात होतं : बाईचं किमान वेतन पुरुषापेक्षा कमी. शिवाय आठवड्याला ४५ तासांवर आणखी १० तासांपर्यंत ओव्हरटाइम नाकारता यायचा नाही.

आमच्या सासूबाई ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लागल्या. त्यांच्याकडे शर्टाच्या कॉलरी. कॉलर आधी उलटी शिवायची, टोकाशी कापड अगदी शिलाईलगत कातरायचं, मग उलटवून टोक बाहेर काढायचं. कापड जास्त राहिलं तर टोक बोथट येतं, जास्त कातरलं तर उसवतं. दोन्ही टोकं सारखी आली नाहीत की पीस परत, आणि परत आलेला पीस टार्गेटमध्ये धरायचा नाही. आजही दुकानात शर्ट हातात घेतला की त्या आधी कॉलरीची टोकं जुळवून बघतात, किंमत नंतर.

त्या पगाराचं त्यांनी काय केलं ते विचारा. १९६० च्या कॅरोल वादळात या घराचं पत्र्याचं छप्पर उडालं होतं आणि पंधरा वर्षांनी जेर्व्हेझमध्ये पुन्हा. घराची पहिली स्लॅबची खोली झाली ती सासूबाईंच्या ओव्हरटाइममधून. गॅसची शेगडी त्यांच्या भिशीतून. नणंदबाईंची शिकवणी त्यांच्याच पैशांतून. सासरे साखर कारखान्यात कायम नोकरीला होते, पगार जास्त होता, पण घरात नवी म्हणावी अशी वस्तू आली ती सासूबाईंच्या पाकिटातून. हे सासरेच सांगायचे, आणि अभिमानाने सांगायचे.

मग १ जानेवारी २००५. जगभरातल्या कपड्यांच्या आयातीवर देशागणिक कोटा, म्हणजे कमाल मर्यादा, लावणारा करार आदल्या दिवशी संपला. हाँगकाँगचे बरेच मालक मॉरिशसमध्ये आले होते तेच मुळी इथला कोटा वापरायला. कोटा गेला, मालक गेले. २००० च्या सुमारास या क्षेत्रात नव्वद हजार कामगार होते, २००५ पर्यंत ते सदुसष्ट हजारांवर आले. सासूबाईंचा कारखाना त्याच काळात बंद पडला. सकाळी बस आली नाही, तेव्हा बायकांना कळलं. चालत गेल्या तर फाटकाला कुलूप. नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार एवढ्या हिशोबासाठीही महिनोनमहिने कामगार खात्यात खेटे घालावे लागले.

जमेल तसं प्रतिसादांत लिहीत जाईन. तुमचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही हवेत.

अर्थवेध :

फार चांगला धागा. पण 'बायका कामाला लागल्या' एवढ्यानेच देश वर आला नाही, आणखी दोन-तीन गोष्टी त्यात गुंफलेल्या आहेत.

१९७५ च्या लोमे करारात युरोपने मॉरिशसची साखर ठरावीक प्रमाणात, जागतिक भावापेक्षा चांगल्या भावाने घ्यायचं कबूल केलं. त्या नफ्यावर सरकारने निर्यातकर लावला, आणि साखरवाल्या जुन्या फ्रेंच घराण्यांनी उरलेला पैसा कपड्यांच्या कारखान्यांत घातला. म्हणजे सगळं भांडवल बाहेरून आलं नव्हतं, बरंच घरचं होतं. म्हणूनच हाँगकाँगवाले गेल्यावरही उद्योग पूर्ण झोपला नाही.

दुसरं शिक्षण. १९७५ च्या मे महिन्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. ज्या घरात फी एकाचीच परवडायची तिथे मुलगाच शाळेत जायचा. फी गेल्यावर मुलीही जायला लागल्या. तिसरं कुटुंबनियोजन. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं, ऐंशीच्या दशकात तीनाच्या खाली, आता दीडच्याही खाली. तिथे कॅथलिक चर्चनेसुद्धा नैसर्गिक पद्धतीचा का होईना पण स्वतःचा कार्यक्रम चालवला.

१९८३ च्या सुमारास बेकारी वीस टक्क्यांच्या घरात होती आणि दशक संपताना कामाला माणूस मिळेना. इतक्या थोड्या काळात हे करून दाखवणारे देश मोजकेच. कमी पगाराबद्दल मोकावासी म्हणतात ते रास्त आहे. पण त्या बायकांपुढे दुसरा पर्याय काय होता? मळा किंवा काहीच नाही. पगार पुरुषांइतका ठेवला असता तर कारखाने आलेच नसते असं म्हणायला जागा आहे.

गिरणगाव_सातरस्ता :

अर्थवेध, 'पर्याय काय होता' हा प्रश्न नेहमी कामगारालाच का विचारायचा? माझं अख्खं आयुष्य गिरणीत आणि नंतर युनियनच्या कामात गेलं, म्हणून बोलतो.

मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात पाचात एक कामगार बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही बायकांचीच खाती. १९२९ चा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, बायकांच्या रात्रपाळीवर बंदी होती, आणि मालकांनी हिशोब केला की बाई महाग पडते. नवीन यंत्रं आली, खाती बंद झाली, बायका हळूहळू बाहेर. ८२ च्या संपापर्यंत गिरणीत बाई शोधावी लागायची. कोकणातून आलेल्या त्या बायका मग खानावळी चालवायला लागल्या, भाजी विकायला बसल्या. काम तेवढंच, पण हजेरीपुस्तकात नाव नाही.

म्हणजे बघा, मुंबईत कायद्याने बाई महाग झाली म्हणून तिला काढली, मॉरिशसमध्ये कायद्याने स्वस्त केली म्हणून तिला घेतली. माणसं एकाच मुलखातली. कोणी बोटीने मॉरिशसला गेलं, कोणी परळला उतरलं. दोन्हीकडे ठरवणारा मालकच.

तेजश्री_न :

गिरणगाव, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मोकावासी, मला पुरुषांबद्दल विचारायचं आहे. एवढ्या बायका कारखान्यात गेल्या तेव्हा घरी बसलेल्या बेकार पुरुषांचं काय झालं? चिडचिड, भांडणं? आणि घरकामात काही फरक पडला का?

मोकावासी :

तेजश्री, दोन्ही प्रश्न मोठे आहेत.

सुरुवातीला खूप बोलणी खावी लागली. 'कारखान्यातली मुलगी' म्हटलं की स्थळं मागे फिरायची. उशिरा घरी येते, परक्या पुरुषांबरोबर बसमध्ये बसते, वगैरे. चुलतसासूबाईंचं एक ठरलेलं लग्न एवढ्यावरून मोडलं होतं. दहा वर्षांत वारं इतकं फिरलं की कारखान्यात कायम असलेल्या मुलीला मागणी यायला लागली.

कायदाही तोवर बाईच्या बाजूचा नव्हता. इथला दिवाणी कायदा नेपोलियनच्या संहितेवरून आलेला. लग्न झालेल्या बाईचे व्यवहार नवऱ्याच्या हाताखाली. ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बदललं. त्याच्या थोडं आधी शिरीन ओमेरुद्दी-सिफ्रा आणि आणखी १९ बायकांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली होती. मॉरिशियन पुरुषाच्या परदेशी बायकोला इथे राहायचा हक्क, आणि मॉरिशियन बाईच्या परदेशी नवऱ्याला मात्र परवानगी मागावी लागणार, असा १९७७ चा कायदा होता. १९८१ मध्ये समितीने बायकांच्या बाजूने निकाल दिला आणि सरकारला कायदा बदलावा लागला. ती तक्रार कारखान्यांबद्दल नव्हती, पण सासूबाई म्हणतात की रेडिओवर ती बातमी ऐकल्याचं त्यांना आठवतं, मशीन थांबवून सगळ्याजणी बोलत होत्या.

पुरुषांचं : १९८४ च्या अखेरीस या क्षेत्रातलं पुरुषांचं किमान वेतनच काढून टाकलं. म्हणजे बाईचा पगार पुरुषाइतका करण्याऐवजी पुरुषाखालचा आधार काढून घेतला. त्यानंतर कारखान्यांत पुरुष वाढले खरे. बाकीचे बांधकामावर, हॉटेलांत, बस आणि टॅक्सीवर, पोलिसात. कारखान्यातही प्रेसिंग, कटिंग आणि यंत्रदुरुस्ती पुरुषांकडे आणि ती कामं जास्त पगाराची. कात्री पुरुषाच्या हातात, सुई बाईच्या. सुपरवायझर व्हायला बायकांना फार वर्षं लागली.

घरकामात फरक? थोडा. वेळ कसा जातो याची सरकारी पाहणी झाली आहे. बायकांचे घरकामाचे तास पुरुषांच्या तिपटीहून जास्त. आमच्याकडे सासूबाई चारला उठून डाळ-भात, रुगाय (टोमॅटोची रस्सेदार भाजी म्हणा) आणि सगळ्यांचे डबे करून साडेसहाची बस पकडायच्या. मुलं आजेसासूबाईंनी सांभाळली. आजेसासूबाई नसत्या तर कारखानाही नसता. जिथे आजी नव्हती तिथे थोरल्या मुलीची शाळा सुटली. मोफत शाळा असूनही सुटली.

कास्कावेलचा_नातू :

नमस्कार. मी मॉरिशसचा आहे, मराठी शाळेत आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत शिकलो. चुका असतील तर सांभाळून घ्या.

मोकावासी ताईंनी १९७० पासून सुरुवात केली. मी थोडं मागचं सांगतो. १८३४ पासून इथे करारावर मजूर आणले गेले. पोर्ट लुईसच्या धक्क्यावर सोळा पायऱ्या आहेत, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा. माझे पूर्वज त्या पायऱ्यांवरून चढले. पुरुषाचा पगार महिना पाच रुपये होता. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापत. सुरुवातीला बायका फार थोड्या आणल्या. नंतर आणल्या तरी बहुतेकींचा स्वतःचा करार नसे. त्या मजुराची बायको म्हणून आल्या, पण काम केलंच. शेतात केलं, भाजी लावली, गाय पाळली, दूध विकलं. कागदावर ते काम नाही. मी आप्रवासी घाटावर आमच्या घराण्याचे कागद शोधले, पणजोबांचा क्रमांक मिळाला, त्यांच्या कामाची जागा मिळाली. पणजीचं फक्त नाव मिळालं.

दुसरी गोष्ट. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेलच्या मळ्यात मजुरांनी पगारासाठी संप केला. पोलिसांनी गोळ्या घातल्या. चार जण गेले. त्यातली एक अंजले कुपेन, गरोदर होती. आमच्या देशात तिच्या नावाने मोठं स्टेडियम आहे. फुटबॉल बघायला जाणाऱ्या मुलांना विचारा अंजले कोण, बऱ्याच जणांना सांगता येत नाही. हे मला लागतं.

माझे वडील आणि आई दोघेही मळ्यात होते. युरोपने साखरेचा भाव ३६ टक्के कमी केला, त्या काळात स्वेच्छानिवृत्ती आली. रोख रक्कम आणि जमिनीचा छोटा तुकडा मिळाला. वडिलांची रक्कम जास्त, कारण पगार जास्त होता. आईने तेवढीच वर्षं काम केलं होतं.

गिरणगाव_सातरस्ता :

नातू, तुमच्या मराठीत चूक काढायला मला एक जागा सापडली नाही. पणजीच्या कागदाबद्दल लिहिलंत ते आमच्या आईलाही लागू आहे. चाळीस माणसांची खानावळ चालवली, आणि जनगणनेत 'गृहिणी'.

किरण_निर्यात :

मी गारमेंटच्या धंद्यात आहे, मॉरिशसच्या कारखान्यांशी कामानिमित्त संबंध येतो. आजचं चित्र वेगळं आहे. आता तिथल्या फ्लोअरवर बांगलादेशी पुरुष दिसतात, मादागास्करचे आणि भारतातलेही कामगार आहेत. आधी चिनी मुली यायच्या. जी जागा ऐंशी टक्के बायकांची होती तिथे आज पुरुष जास्त. मालक मंडळी एकच सांगतात : स्थानिक बायका मशीनवर बसायला तयार नाहीत, पोरी शिकल्या, त्यांना ऑफिस हवं. यात वाईट काय? देश श्रीमंत झाला की असंच होतं.

मोकावासी :

किरण, पोरी शिकल्या हे आनंदाचंच आहे. विद्यापीठात आज मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. पण 'तयार नाहीत' यावर माझा आक्षेप आहे.

सासूबाईंबरोबर ज्या घरी बसल्या त्या चाळीस-पंचेचाळिशीच्या होत्या. वीस-वीस वर्षं हात चाललेला. २००६ पासून सरकारने पुन्हा प्रशिक्षण द्यायच्या योजना काढल्या, केक करणं, घरकाम, वृद्धांची शुश्रूषा असं शिकवलं. पण दुसऱ्या कारखान्यात विचारायला गेल्या तेव्हा उत्तर मिळालं की रात्री नऊपर्यंत थांबाल का, रविवारी याल का. बांगलादेशातून आलेला पोरगा डॉर्मिटरीत राहतो, कर्ज काढून आलेला असतो, त्याला घरी जाऊन स्वयंपाक करायचा नसतो. त्याचा परवाना त्या मालकाशी बांधलेला, सोडून जाता येत नाही. तेव्हा मालकाला जे एकेकाळी गावातल्या पोरीत सापडलं होतं तेच त्याच्यात सापडलं. मला त्या पोराबद्दल राग नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला ते राहतात, दर महिन्याला घरी पैसे पाठवायच्या रांगेत भेटतात. कोणाचा आधार काढून घेता येतो हे बघून कामगार बदलला, एवढंच मला दिसतं.

आणि पगाराचं बघा. देशात सर्वांसाठी किमान वेतन पहिल्यांदा जानेवारी २०१८ मध्ये आलं. इतर क्षेत्रांना महिन्याला ८,५०० मॉरिशियन रुपये आणि निर्यात कारखान्यांना ८,१४०. वर विशेष भत्ता देऊन दोन्ही नऊ हजारांवर आणले, तरी पायरी आधी खालचीच ठेवली होती. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत असताना.

अनघा_प :

आकडे बघितले. काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायका साधारण ४५ टक्के, पुरुष सत्तरच्या वर. बायकांची बेकारी पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. सरासरी मिळकत पुरुषांच्या पाऊण पट. मुली जास्त शिकतात, मग हे असं का? एबेनच्या सायबर सिटीत तर म्हणे भरपूर नोकऱ्या आहेत.

मोकावासी :

अनघा, एबेनला आहेत नोकऱ्या. कॉल सेंटर, बँकांची मागची कामं, हिशेब. फ्रान्सपेक्षा इथलं घड्याळ दोन-तीन तास पुढे, त्यामुळे फ्रेंच गिऱ्हाइकांसाठी संध्याकाळपर्यंत बसावं लागतं. गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात. गाडी नसेल तर परतायचं कसं, हा प्रश्न मुलीच्या घरचे आधी विचारतात. पाळणाघरं आहेत, पण चांगल्या पाळणाघराचे पैसे दिल्यावर पहिल्या नोकरीच्या पगारातून फार उरत नाही. मुली शिकतात ते जास्त करून शिक्षक, हिशेब, कायदा, व्यवस्थापन. सरकारी नोकरीच्या परीक्षेची वाट बघत वर्षं जातात. शाळांमध्ये शिकवणाऱ्या बहुसंख्य बायकाच.

आणि ज्या शिकल्या नाहीत त्यांचं सांगते, कारण त्यांच्याकडे कोणी बघत नाही. सरकारी शाळा झाडणाऱ्या बायका ठेकेदाराकडून घेतलेल्या असायच्या. पगार महिन्याला दीड हजार रुपये. दीड हजारात इथे आठवड्याचा बाजार होत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्या पोर्ट लुईसला कंपनी गार्डनमध्ये उपोषणाला बसल्या. मी ऑफिसच्या कामाने तिकडे गेले होते, मुद्दाम वळून बघून आले. वडाच्या पारंब्यांखाली प्लास्टिकच्या ताडपत्र्या, गाद्या, पन्नाशीच्या बायका. एकीने हात धरून सांगितलं, मी ज्या शाळेचे संडास धुते तिथल्या मास्तरांना माझा पगार माहीत नव्हता, परवा टीव्हीवर कळला, आणि ते बघायला आले. कामगार संघटना त्यांच्या पाठीशी होती. सरकारला लक्ष घालावं लागलं, आणि दोन-तीन महिन्यांतच किमान वेतन लागू झालं. हा दबाव त्यामागे होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अर्थवेध :

या उपोषणाबद्दल मला माहिती नव्हती, लिहिलंत ते फार बरं झालं. तरी माझं एक म्हणणं कायम आहे. १९७० च्या कायद्याने त्या बायकांच्या हातात रोख पैसा आला, आणि त्याआधी कशानेही आला नव्हता. आज तिथली कुटुंबं लहान आहेत, घरं पक्की आहेत, मुली विद्यापीठात आहेत, हे सगळं त्या पाकिटाशी जोडलेलं आहे. कमी पगार अन्यायाचा होता हे मान्य. पण तो पगार मुळातच नको होता असं तुमच्या सासूबाई म्हणतील का?

मोकावासी :

नाही म्हणणार. आज संध्याकाळी त्यांना तुमचा प्रश्न वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, कारखाना नसता तर मी आयुष्यभर नवऱ्याकडे साबणाचे पैसे मागितले असते. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, पण बाजूच्या टेबलावर तोच शर्ट इस्त्री करणाऱ्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त का, हे मी तेव्हाही विचारलं होतं आणि सुपरवायझरने सांगितलं की त्याला घर चालवायचं असतं. त्या इस्त्रीवाल्याचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं.

अर्थवेध, कारखाने आले नसते तर काय, हा तुमचा प्रश्न. माझा प्रश्न असा की ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला कामाला माणूस मिळेना, मालक दारोदार बस पाठवून बायका गोळा करत होते. तेव्हा तरी बायकांच्या पगाराची खालची पायरी काढता आली असती. काढली नाही, परदेशातून कामगार आणायची परवानगी दिली.

तेजश्री_न :

इस्त्रीवाल्याचं वाचून गप्प झाले. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना आता काही पेन्शन आहे का?

मोकावासी :

आहे, आणि या देशाचं मला मनापासून आवडणारं काही असेल तर ते हे. वृद्धांना सरकारी पेन्शन १९५० च्या दशकापासून आहे, आणि नोकरी केली होती की नव्हती हे विचारत नाहीत. साठ पूर्ण झाली की मळ्यातल्या बाईला, कारखान्यातल्या बाईला, जिने आयुष्यभर फक्त घर सांभाळलं तिलाही, पुरुषाइतकंच. २०१९ च्या अखेरीस ते महिन्याला नऊ हजार झालं, नंतर आणखी वाढलं. घरकामाची नोंद इथे एवढ्या एकाच जागी झाली असं मला वाटतं. गिरणगावांच्या आईंना असं काही मिळालं असतं तर!

पण जून २०२५ च्या अर्थसंकल्पात हे वय टप्प्याटप्प्याने साठावरून पासष्टवर न्यायचं जाहीर झालं. तिजोरीवर बोजा वाढतो आहे, म्हातारी माणसं वाढली, मुलं कमी, हे मला समजतं. ज्यांची नोकरी पासष्टीपर्यंत टिकते त्यांना फार फरक नाही. सासूबाई सुटल्या. माझ्या मोठ्या नणंदबाई त्याच्यात सापडतात. कारखाना सुटल्यापासून त्यांची एकही नोकरी दोन वर्षांच्या वर टिकलेली नाही, आणि या वयात नवीन कोणी घेत नाही. सध्या त्या घरी बसून शाळेचे गणवेश शिवतात. पावती नाही, विमा नाही, जानेवारीत शाळा सुरू होताना काम भरपूर आणि मार्चनंतर जवळजवळ नाहीच. त्यांचा हिशोब साठाला धरलेला होता. मधली वर्षं कशी काढायची हे आता आम्ही घरात बसून मांडतो आहोत. धाकट्या दिरांनी आणि आम्ही मिळून दरमहा ठरावीक रक्कम त्यांच्या खात्यात टाकायची असं परवा ठरलं. त्या तयार नव्हत्या. शेवटी गणवेशाचं सगळं कापड आम्ही आणून द्यायचं आणि शिलाई त्यांची, एवढ्यावर तयार झाल्या.